एकाच चकमकीत तीन वेळा

‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील डॉक्टर मॅकॉय म्हणजे डीफॉरेस्ट केली. त्यापूर्वी वेस्टर्न चित्रपटांतील दुष्टांच्या भूमिकांतच ते अधिक दिसत. १८८१ साली अॅरिझोनातील टूमस्टोन गावी अर्प बंधू व क्लँटन यांच्या गटांत गोळीबार झाला. त्यावरील १९५५ च्या दूरचित्रवाणी नाट्यात केली आयक क्लँटन झाले. १९५७ च्या चित्रपटात मॉर्गन अर्प, म्हणजे नेमके शत्रुपक्षात! १९६८ साली ‘स्टार ट्रेक’च्याच एका भागात परग्रहवासीयांनी त्यांना टॉम मॅक्लॉरी ठरवून पुन्हा क्लँटनांच्या बाजूस उभे केले. मालिका १९६९ साली संपली. दोन्ही पक्षांकडून लढलेल्या या नटाकडे पुढे मात्र मुख्यतः डॉक्टरचीच भूमिका येत राहिली. १९७९ ते १९९१ या काळातील सहा चित्रपटांत ते मॅकॉयच होते.