घरांतील जेवणाची जागा

पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांव हें गांव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांचें उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजनें १९६८ ते १९८३ या काळांत केलें. डॉ. सांकलिया, डॉ. अन्सारी व डॉ. ढवळीकर हे त्या कार्याचे धुरीण होते. इ. स. पूर्वीं सुमारें १६०० ते ७०० या काळांत तेथें नांदलेल्या शेतकऱ्यांचीं घरें त्यामुळें उजेडांत आलीं.

कुडाच्या भिंती, वर गवताचें छप्पर, आंत चूल, जवळच धान्य सांठविण्याची सोय; असा त्या घरांचा थाट होता. जव हें तेथील मुख्य पीक. तांबड्या मातीवर काळी नक्षी काढलेले वाडगे व तोटीचीं भांडीं त्यांच्या नित्य वापरांत होतीं. पुढें लांबरुंद चौकोनी घरें जाऊन लहान वाटोळ्या झोपड्या आल्या. पाऊसमान घटून शेती खालावली, हें त्याचें कारण डॉ. ढवळीकरांनीं सांगितलें. दिवस पालटले कीं घराचा आकारहि पालटतो. चूल मात्र सुटत नाहीं.

पुढच्या काळांत वाड्यांतून माजघर व स्वयंपाकघर निराळें झालें. पाट मांडावे, रांगोळी घालावी, पंगत बसावी, ही रीत देखणी खरी. परंतु त्या पंगतींत जिनें चुलीपाशीं डोळे चोळीत रांधलें तिचें पान बहुधा नसे. पुरुष व मुलें उठल्यावर, उरेल तें ती जेवी. शहरांतील घरांत मेज-खुर्च्या आल्या, सोवळें सैल झालें. तरी कित्येक ठिकाणीं मेजाभोंवतीं सर्व बसतात आणि गृहिणी गरम पोळी वाढीत उभीच असते.

इनामगांवच्या वाडग्यांवरून तेथें काय शिजत होतें, याचा तर्क करतां येतो. आधीं कोण जेवलें, हें मातीचें भांडें सांगत नाहीं. आपल्या घरांतील ती गोष्ट मात्र मुलें रोज डोळ्यांनीं पाहतात आणि न शिकवितां शिकतात.

जेवणाची खोली स्वतंत्र असावी कीं नसावी, हा ऐपतीचा प्रश्न आहे. तींत एक जागा रांधणारीसाठीं राखलेली असावी, हा मनाचा प्रश्न आहे. पोळ्या आधीं करून डब्यांत ठेवाव्या, ज्यानें त्यानें वाढून घ्यावें, आणि सर्वांनीं एकदमच घांस उचलावा. पोळी थोडी निवेल. घर निवणार नाहीं.