'रूल' आणि 'प्रिन्सिपल'

(विहाराच्या वर्धापनदिनी नायगाव येथे झालेले भाषण)



आज आम्ही इंग्रजीतले दोन शब्द घेऊन उभे आहोत. 'रूल' आपल्याला शाळेपासून ठाऊक. वहीवर ओळी आखतो तो रूळ, अन् गुरुजींच्या हातात गेला की तळहातावर बसतो तोही रूळच! 'प्रिन्सिपल' म्हटले की मात्र कॉलेजचे साहेब आठवतात. इंग्रजीत त्या साहेबांचे स्पेलिंग वेगळे आहे, आपल्या लिपीत दोन्ही सारखेच दिसतात. आपला प्रिन्सिपल म्हणजे तत्त्व.

हे आठवायचे कारण असे. आपल्या वस्तीतल्या एक बाई काही महिने विहारात दिसल्या नाहीत. आम्ही विचारले तर म्हणाल्या, "गुरुजी, सकाळी पाणातिपाता म्हणायचं अन् दुपारी कापसावर फवारायचा पंप पाठीला लावायचा. आमचं शील रोजच मोडतंय. मंग यायचं कशाला?"

त्यांना शील म्हणजे रूल वाटला होता. तसे वाटायला आपणही जबाबदार आहोत. शील मोडले म्हणून एकमेकांकडे बोट दाखवण्यात आपण पुढे असतो.

बाबासाहेबांनी हा भेद दोनदा मांडला. पहिल्यांदा १९३६ साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात. परिषद रद्द झाली म्हणून ते त्यांनी स्वतः छापले. नियम हा पाककृतीसारखा असतो, काय करायचे ते सांगून मोकळा होतो. तत्त्व विचार करायला लावते, म्हणून केल्याची जबाबदारीही आपल्यावर येते. दुसऱ्यांदा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात, अहिंसेबद्दल. हा ग्रंथ त्यांच्या परिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला. मारायच्या हौसेने मारणे आणि गरज पडली म्हणून मारणे, यांत त्यांनी फरक केला आहे. भगवंतांनी अहिंसा तत्त्व म्हणून सांगितली, रूल म्हणून नव्हे.

पंचशीलातला शब्दच पाहा ना! 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याची पायरी. ती आपण स्वतः स्वीकारतो, वरून कुणाचा हुकूम नसतो. भिक्खूंची गोष्ट निराळी. त्यांच्या पातिमोक्खात २२७ नियम आहेत आणि काही मोडले तर संघातून जावे लागते. आपण उपासक, आपल्याला कोण काढणार?

पण थांबा. हे ऐकून पाचव्या शीलाबाबत काही मंडळी खूश होतील! "तत्त्वच आहे ना, मग थोडी चालते." अहो, फवारणीमागे पोटाची गरज आहे, बाटलीमागे कोणती? घरात लेकरांच्या फीला पैसे नाहीत आणि आपण तत्त्वाची सूट मागतो. नियमातून पळवाट निघते, तत्त्वातून निघत नाही, कारण तिथे विचारणारेही आपणच असतो.

त्या बाई मागच्या पौर्णिमेला आल्या होत्या. येताना नवा प्रश्न घेऊन आल्या, "मग घरच्या कोंबड्या इकायच्या का न्हाई?" आम्ही होय-नाही सांगितले नाही. चौथा खंड काढला, त्यांच्या मुलीने मोठ्याने वाचला, आणि स्वयंपाकाची वेळ होईपर्यंत बायकांचीच चर्चा चालली.