कोंबडीच्या पिलाचें आंतडें

अंड्यांतून निघालेलें पिलूं दोन दिवस उपाशी राहिलें तरी चालतें, अशी समजूत आहे. तिला आधारही आहे. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास कवच फोडण्यापूर्वीं उरलेला बलक पिलाच्या पोटांत ओढला जातो. पिलें दूरवर धाडणारे याच शिदोरीच्या भरंवशावर असतात.

परंतु श्रोतेहो, ही शिदोरी जगण्यापुरती. वाढीस ती पुरत नाहीं. लहान आंतड्याच्या आंतून मखमलीच्या लवेसारखे असंख्य रसांकुर असतात व पचलेलें अन्न तेच शोषून घेतात. पहिल्या आठवड्यांत हें आंतडें एकंदर शरीराहून अधिक वेगानें वाढतें, आणि त्यास चालना मिळते ती आंत आलेल्या दाण्यानें. दाणा लांबला कीं रसांकुर खुंटतात व वजन मागें पडतें. घरची कोंबडी मात्र घरट्यावरून उठतांच माती उकरून पिलांस दाणा दाखवूं लागते!

स्निग्ध पदार्थांची वाट पक्ष्यांत निराळीच. आपल्या शरीरांत ते बहुतांशीं लसिकावाहिन्यांतून फिरून रक्तास मिळतात. कोंबडींत ते थेट रक्तांतून यकृताकडे जातात.

या रसांकुरांचा मोठा वैरी म्हणजे कॉक्सिडिया हे सूक्ष्म परोपजीवी. आंतड्याच्या अस्तराच्या पेशींतच ते वाढतात व त्या फोडून बाहेर पडतात. मग पुढें दाण्याची रास असूनही पिलूं वाळत जातें. ओलाव्यांत त्यांचें फावतें; म्हणून पिलांखालचा भुसा कोरडा ठेवावा, आणि पिलें हातीं येतांच आधीं पाणी व लागलीच मक्याची बारीक भरड पुढें मांडावी.