मिठाशी वैर, मिठाशी मैत्री



 सोन्या-चांदीच्या नॅनोकणांवरची परिषद रत्नागिरीत, समुद्रकाठी कशाला, असं आमच्या स्वागत समितीतल्याच एकानं विचारलं होतं. या कणांचं मिठाशी हाडवैर ना! मला वाटतं, म्हणूनच ती इथं भरायला हवी.

वैर जुनं आहे. मायकेल फॅरेडेनं 1857 मध्ये सोन्याच्या माणिकलाल द्रावणाबद्दल लिहिलं, तेव्हाच मीठ घातलं की ते निळं पडतं, हे नोंदवलं. आणि जिलेटिन आधी घातलं तर लाली टिकते, हेही. कारण आज आपल्याला माहीत आहे. सायट्रेटनं वेढलेले कण ऋणभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम क्षार; तिथं या भाराची पोच अर्ध्या नॅनोमीटरच्याही आत येते. कण चिकटतात, गुठळ्या तळाशी बसतात आणि त्यांच्यावर बसलेल्या रेणूंचा रामन वर्णपट पुन्हा मोजावा तर तो निराळाच.

उपाय आहेत: थायॉल जोडलेलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल, सिलिकाचं कवच. पण गोची इथंच होते. या कणांमुळे वाढणारा रेणूंचा रामन संकेत कणाला बिलगूनच मिळतो, काही नॅनोमीटरांत ओसरतो. कवच जाड केलं की कण वाचतो आणि शोधायचा रेणू बाहेर ताटकळतो. 2010 मध्ये चीनमधल्या शियामेनच्या गटानं सिलिका किंवा अ‍ॅल्युमिनाच्या अतिशय पातळ कवचानं मधली वाट काढली.

गंमत अशी की 1974 मध्ये साउदॅम्प्टनला फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांना चांदीवर पिरिडिनचा जो प्रबळ संकेत दिसला, तो पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणातच! दोन कणांमधल्या फटीत संकेत सर्वांत जास्त वाढतो, म्हणून कित्येक प्रयोगशाळा मुद्दाम चिमूटभर मीठ घालतात. तेव्हा अजिबात न चिकटणारे कण हे ध्येय मला पटत नाही. ते हवे तेवढेच जवळ यावेत आणि मोजणी संपेपर्यंत तसेच राहावेत, एवढंच मागणं.

'समुद्राच्या पाण्यातही चालतं' असं कुणी सांगितलं, तर पाणी खरंच समुद्राचं होतं की ऊर्ध्वपातित पाण्यात मीठ ढवळलं होतं, हे बेधडक विचारा. भाट्याच्या खाडीचं गाळलेलं पाणी आम्ही शेजारच्या प्रयोगशाळेत भरून ठेवलं आहे. आपापली कलिलं दुपारी त्यात घालून पाहा. वर्णपटमापक संध्याकाळपर्यंत मोकळा आहे.

आता परिषदेचं उद्घाटन करावं, अशी उद्घाटकांना विनंती करतो.