दैनंदिन कामातील परिश्रम आणि नम्रता
(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



वर्षभराचा जमाखर्च आपणापुढे मांडून झाला आहे. आकड्यांत जे दिसत नाही त्याविषयी दोन शब्द बोलण्याची अनुमती आम्ही मागतो. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर आणि श्रद्धेने ख्रिस्ती. रुग्णालयात आमचा हात नाडीवर पडत नाही. तो पडतो पावतीपुस्तकावर आणि देयकावर. त्यामुळे सेवा ती डॉक्टर-परिचारिकांची आणि आमचे काम केवळ कारकुनी, असा समज आम्ही बराच काळ बाळगला होता. तो दूर होण्यास पंडिता रमाबाईंचे चरित्र कारण झाले.

१८७८ साली, अवघ्या विशीत, कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत त्यांनी शारदा सदन स्थापिले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुली व विधवांना त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे आश्रय दिला. आयुष्याची उत्तरार्धातील अनेक वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरासाठी वेचली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. संस्कृतवर असे प्रभुत्व असणाऱ्या विदुषीला पंडिती मराठी लिहिणे सहज शक्य होते. त्यांनी मात्र खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला समजेल अशी साधी भाषा निवडली. खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम आश्रमातील स्त्रियांनीच शिकून केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला.

परिश्रम आणि नम्रता या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत, हे येथे दिसते. समोरच्या माणसाला समजेपर्यंत आपले काम पुरे झाले नाही असे मानणे, हीच नम्रता. आणि तसे मानले की परिश्रम आपोआपच वाढतात.

आता आमच्याच एका चुकीची कबुली देतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात, तसेच एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. काही वर्षांपूर्वी बदलापूरजवळच्या एका वाडीतील बाई आपल्या यजमानांना घेऊन आल्या. अकरा दिवसांनी त्यांनी देयक चुकते केले आणि पावतीवर अंगठा उठविला. पैशासाठी मंगळसूत्र गहाण पडले होते, हे आम्हांस नंतर कळले. त्या निधीतून मदत मिळण्यास पूर्ण पात्र होत्या, आणि निधीत रक्कमही शिल्लक होती. योजनेचा फलक भिंतीवर होता. परंतु तो इंग्रजीत होता आणि अक्षरे बारीक होती. हिशेबात एका पैशाचीही चूक नव्हती. लेखापरीक्षकांना त्यात काही आक्षेपार्ह आढळले नसते.

विश्वस्तांच्या संमतीने रक्कम परत करण्यास आम्ही वाडीवर गेलो. आम्ही क्षमा मागण्यापूर्वीच त्या बाई म्हणाल्या, “माझंच चुकलं, साहेब. मी इचारलंच नाय.” ज्याला विचारण्याचे धैर्य नाही त्याला आपणहून सांगणे, हे आमच्या कामाचे पहिले कलम असावयास हवे होते. ते राहून गेले, आणि दोष मात्र त्या माउलीने स्वतःकडे घेतला. त्या दिवशी परतताना आम्ही फार बोललो नाही.

तेव्हापासून फलक मोठ्या मराठी अक्षरांत आहे. दाखल करून घेताना अर्ज वाचून दाखविला जातो आणि शिधापत्रिका आमचे कर्मचारी आपणहून मागतात. आठवड्यातून एक सकाळ आम्ही स्वतः खिडकीवर बसतो. तेथे बसल्यावर कळते की, एकच प्रश्न दहाव्यांदा आला असता पहिल्याच आवाजात उत्तर देणे किती कठीण आहे. अजूनही आमचा स्वर कधी चढतो. मग सहकारी हळूच पाण्याचा पेला पुढे करतात आणि आम्ही समजतो.

प्रभू येशूने अखेरच्या भोजनाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. ते त्या काळी घरातील सर्वांत खालच्या सेवकाचे काम होते. प्रेषित पौल करिंथ नगरात तंबू शिवून उदरनिर्वाह करीत असे. आमचे बहुसंख्य सहकारी अन्य धर्मांचे आहेत आणि त्यांच्यापैकी अनेकांकडून ही वृत्ती आम्ही शिकत आहोत. आमच्यापुरते सांगावयाचे तर, प्रार्थनेत उच्चारलेले शब्द सकाळी नऊ वाजता खिडकी उघडल्यावर खरे ठरतात किंवा खोटे.

देणगीदारांस एकच विनंती आहे. पुढील वर्षी निधीत किती शिल्लक आहे एवढेच विचारू नये. किती जणांना आपण आपणहून सांगितले, हेही आम्हांस विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याची तयारी आम्ही आजपासून करीत आहोत.