शहरातील प्रवास : बस की स्वतःचे वाहन?



सुरत शहराच्या उत्तर भागात कतारगाम ही मोठी वस्ती आहे. ‘गाम’ म्हणजे गाव. शहर वाढत गेले आणि हे गाव त्यात सामावले. हिऱ्यांना पैलू पाडण्याच्या कारखान्यांमुळे आज ते सर्वत्र परिचित आहे. हजारो कारागीर ठरावीक वेळी कामावर येतात आणि ठरावीक वेळी घरी परततात. एवढ्या माणसांची ने-आण कशी व्हावी, हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. खानदेशातील अनेक कुटुंबे सुरतेत स्थायिक झालेली आहेत, आणि आपली तालुक्याची गावेही त्याच वाटेने वाढत आहेत.

या प्रश्नाचा हिशेब साधा आहे. साठ माणसे एका बसमधून जाऊ शकतात. बसची लांबी सुमारे १२ मीटर असते. तीच माणसे प्रत्येक मोटारीत दोन याप्रमाणे निघाली, तर ३० मोटारी लागतील. एका मोटारीची लांबी ४ मीटर धरली, तर मध्ये जागा न सोडताही ही रांग १२० मीटर होईल. पैसा असला तरी रस्ता दहापट रुंद करता येत नाही. दोन्ही बाजूंना माणसांची घरे आहेत. म्हणूनच केंद्र शासनाने २००६ साली जाहीर केलेल्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात वाहनांच्या नव्हे, तर माणसांच्या वाहतुकीला महत्त्व देण्यात आले.

सुरत महानगरपालिकेने या दिशेने पाऊल टाकले. जानेवारी २०१४ मध्ये उधना दरवाजा ते सचिन या मार्गावर बससाठी स्वतंत्र मार्गिका असलेली सेवा सुरू झाली आणि पुढे तिचा विस्तार करण्यात आला. जानेवारी २०२१ मध्ये मेट्रो रेल्वेचे भूमिपूजन झाले. सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली असे तिचे दोन मार्ग आखण्यात आले.

या दोहोंपैकी एकही मार्ग कतारगाममधून जात नाही. दुसरीकडे, हिऱ्यांच्या व्यापारासाठी खजोद येथे बांधलेल्या भव्य संकुलाचे उद्घाटन १७ डिसेंबर २०२३ रोजी झाले. ते शहराच्या दक्षिण टोकाला, ड्रीम सिटीच्या परिसरात आहे. कतारगामच्या रहिवाशाला तेथे जावयाचे तर सारे शहर ओलांडावे लागते, आणि मेट्रोने जाण्यासाठी आधी स्थानकापर्यंत पोहोचावे लागते. हे पहिले अंतर बसने भरून काढले नाही, तर तो घरूनच दुचाकी काढील आणि एकदा दुचाकीवर बसल्यावर मध्येच उतरणार नाही.

येथे एक दुष्टचक्र सुरू होते. बस वेळेवर येत नाही, म्हणून माणूस हप्त्याने दुचाकी घेतो. प्रवासी घटले, म्हणून बसच्या फेऱ्या कमी होतात. वाहनांची गर्दी वाढते आणि उरलेली बस त्याच गर्दीत अडकते. याची खरी झळ लागते ती ज्यांना वाहन घेणे परवडत नाही अशा मजुरांना, वृद्धांना आणि शाळकरी मुलींना. बस बंद पडली, की त्यांच्यासाठी काम आणि शाळाही दूर जाते.

स्वतःचे वाहन त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. रात्री-अपरात्री रुग्णाला नेण्यास, अवजड सामान वाहण्यास ते हवेच. परंतु रोजच्या ठरलेल्या वेळेच्या, ठरलेल्या वाटेच्या प्रवासाला बसच योग्य होय. त्यासाठी ती वेळेवर यावी, थांबा चालत जाण्याइतका जवळ असावा आणि तेथवर जाणारा पदपथ मोकळा असावा.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांना शाळेसमोरील रस्त्यावर तासभर उभे करून वाहने व त्यांतील माणसे वेगवेगळी मोजावयास सांगावे. अधिकाऱ्यांनी रस्त्याची आखणी करताना त्यांपैकी दुसरा आकडा आधी पाहावा. ग्रामस्थांनी आपल्या गावच्या एस.टी.च्या फेऱ्या टिकवाव्यात. रिकामी धावणारी बस फार दिवस धावत नाही. रस्ता सर्वांच्या पैशांतून होतो. त्यावर पहिला हक्क अधिक माणसे नेणाऱ्या वाहनाचा असला पाहिजे.