इंजिन किती फिरवायचं?

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक लोखंडी तुकडा ठेवलेला असतो. घरी येणाऱ्या कवीमंडळींना ते एखादं शिल्प वाटतं. तो फियाट गाडीच्या कनेक्टिंग रॉडचा अर्धा तुकडा आहे. उरलेला अर्धा १९८७ साली नागपूर-हैदराबाद रस्त्यावर, जामच्या चौकाअलीकडे, इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर पडला आणि पुन्हा कुणाला सापडला नाही. गाडी माझे थोरले भाऊ चालवत होते. सांडलेल्या तेलावरून मागचं चाक घसरलं आणि गाडी बाभळीवर गेली. भाईजानचा डावा पाय तेव्हापासून गुडघ्यात वाकत नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाईजानचा धाकटा मुलगा माझ्याकडे आला. त्याने एक जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली आहे. मुंबईत टॅक्सी म्हणून धावणाऱ्या शेवटच्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या; तेव्हापासून या गाडीचं वेड उलट वाढलंय. पोराने हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं होतं, कॅमशाफ्ट नव्याने ग्राइंड करून घेतला होता, एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले होते.

"चाचा, हिला साडेसहा हजारापर्यंत फिरवता येईल ना? अब्बूंना विचारलं की ते उठून जातात."

आता मी मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेला माणूस. पण आमचे अब्बा हिंगणघाटात ऑइल इंजिनाचे मिस्त्री होते, आणि माझं अर्धं बालपण विहिरींच्या काठावर गेलं. तिथलं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन मिनिटाला पंधराशे फेऱ्यांवर चालायचं. उन्हाळ्यात कास्तकार म्हणायचे, "मिस्त्री, गव्हर्नरची स्प्रिंग थोडी कसून द्या न, पाणी जास्त येईन." अब्बा पिशवीतून टॅकोमीटर काढून शाफ्टच्या टोकाला टेकवायचे, आकडा दाखवायचे आणि पिशवी उचलायचे. इंजिनाच्या आवाजावर त्यांचा भरवसा नव्हता. "आवाज तर चांगलाच येतो, तुटेपर्यंत चांगला येतो," असं म्हणायचे. भाईजानचा मात्र सगळा हिशोब कानावर होता.

पोराला मी कागद घेऊन बसवलं. पद्मिनीच्या इंजिनाचा बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. एका फेरीत पिस्टन एकदा वर, एकदा खाली जातो, म्हणजे दीडशे मिलिमीटर चालतो. मिनिटाला पाच हजार फेऱ्या धरल्या तर सरासरी वेग सेकंदाला साडेबारा मीटर. कंपनीने या इंजिनाची पूर्ण ताकद साधारण याच आकड्याच्या आसपास धरली होती. साडेसहा हजाराला तोच वेग सव्वासोळा होतो. पोरगा खूश झाला. आजच्या गाड्या वीसपर्यंत जातात, म्हणाला. जातात, पण त्यांचे पिस्टन, रॉड, बेअरिंग त्या वेगासाठीच केलेले असतात. याच्या गाडीतले रॉड त्याच्या जन्माआधीचे होते.

आणि खरी गोम वेगात नाहीच, झटक्यात आहे. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, तेव्हा रॉडवर पडणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. पिस्टन आणि गजनपिन मिळून पाव किलो धरा. पाच हजार फेऱ्यांना ते पाव किलो रॉडला अडीचशे किलोंहून अधिक ओढतं. साडेसहा हजाराला फेऱ्या वाढतात तीस टक्के, पण ताण वाढतो एकोणसत्तर टक्के. त्यातही वाईट घडी म्हणजे एक्झॉस्ट स्ट्रोकचा शेवट. कॉम्प्रेशनच्या वेळी वर निघालेल्या पिस्टनला दाबलेली हवा थोपवते. एक्झॉस्टच्या वेळी वॉल्व उघडा, वर काहीच नाही. पिस्टनला परत खेचणारा एकटा रॉड, आणि रॉडला धरून ठेवणारे खालच्या कॅपचे दोन बोल्ट. माझ्या टेबलावरच्या तुकड्याकडे पोरगा बराच वेळ पाहत राहिला.

दुसरं कलम वॉल्वच्या स्प्रिंगचं. कॅम वॉल्वला उघडतो, पण बंद करते ती स्प्रिंग. फेऱ्या फार वाढल्या की स्प्रिंगला कॅमच्या मागे धावणं जमत नाही. वॉल्व अधांतरी तरंगतो, ताकद एकदम पडते, आणि नशीब फुटकं असेल तर पिस्टन त्याच्यावर आदळतो. नव्या कॅमची उचल जास्त असेल तर हे आधीच घडतं. म्हणजे गाडीला जोरात पळवण्यासाठी केलेला बदलच तिची मर्यादा खाली आणू शकतो. ही गोष्ट गाडी सजवून देणारे सहसा सांगत नाहीत. त्यांना तरी कशाला दोष द्या, विचारणारेही कमीच.

मग कामं निघाली. इंजिन खोललं. रॉड चुंबकीय तपासणीला दिले. रॉडला चुंबकत्व देऊन वर लोखंडाची बारीक पूड टाकतात, जिथे तडा असेल तिथे ती रेघ धरून बसते. चारातल्या एका रॉडवर रेघ निघाली. साध्या डोळ्यांना तिथे काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तो रॉड बदलला, बोल्ट सगळे नवे, स्प्रिंगा नव्या. नंतर पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये चाकं रोलरवर ठेवून ताकद मोजली. ती बावन्नशेपर्यंत चढत गेली, पुढे सपाट राहिली आणि छप्पनशेनंतर उतरायला लागली. म्हणजे साडेसहा हजारापर्यंत नेऊन मिळणार होता फक्त आवाज! पोराने छप्पनशेला ठिणगी तोडणारं लिमिटर लावायचं ठरवलं. पद्मिनीला मुळात फेऱ्या दाखवणारं मीटर नसतं. त्याने नवं बसवलेलं मीटर दुसऱ्या मीटरशी ताडून घेतलं, तर ते दोनशे कमी दाखवत होतं.

शिवाय नोंदणी पुस्तकातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल परस्पर करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं बावन्नावं कलम त्यासाठीच आहे. तेही मी पोराला वाचून दाखवलं. तो ऐकतोय असं वाटलं.

गाडी परत आली त्या संध्याकाळी भाईजान काठी टेकत अंगणात आले. गाडीजवळ ते पहिल्यांदाच येत होते.

"किती ठेवलं?"

"छप्पनशे, अब्बू. त्याच्या वर ठिणगीच पडणार नाही."

"आणि गिअर चुकला तर?"

पोरगा गप्प. जोरात असताना भलताच खालचा गिअर पडला, तर इंजिनाला ठिणगी फिरवत नाही, चाकं फिरवतात. लिमिटर तिथे नुसता बघत बसतो.

भाईजान दार उघडून सीटवर बसले, आखडलेला पाय बाहेर ठेवून. स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा त्यांनी दोन-तीनदा हलवला. तो पार ढिला होता. "त्या दिवशी मला तिसरा पाहिजे होता," ते म्हणाले. इतक्या वर्षांत आमच्या घरात कुणी हे वाक्य ऐकलं नव्हतं. अम्मी गेली तीही रॉड खराब होता असंच समजून.

"बावन्नशे कर. आणि आधी या दांड्याचे बुश बदल."

पोराने बॉनेट उघडलं. अंधार पडला होता. भाईजानने माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि त्याच्यासाठी धरून उभे राहिले.